सूर्यास्त ठरलेला, ओहोटीचे काय?

नाशिकचे पाणी पूर्वेला जाते आणि नाशिककर सुट्टीत पश्चिमेला. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर जन्मते, पण त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. शहरातली कितीतरी कुटुंबे मात्र वर्षातून एकदा तरी कसारा घाट उतरून कोकणाकडे वळतात. काहींचे ठिकाण दरवर्षी बदलते. काहींचे वर्षानुवर्षे तेच असते: तोच किनारा, तीच खानावळ, संध्याकाळी बसायची तीच जागा. अशा 'पुन्हा तिथेच' जाणाऱ्यांच्या यादीत अलिबाग बरेच वर आहे आणि अलिबागेत सगळ्यांची नजर ज्या एका ठिकाणी जाते, ते म्हणजे समुद्रातला कुलाबा किल्ला.

कुलाब्याची गंमत अशी की तो दिवसातून दोनदा बेट होतो आणि दोनदा बेट राहत नाही. किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटरवर खडकावर उभा असलेला हा किल्ला भरतीला चारही बाजूंनी पाण्यात असतो. ओहोटी पुरेशी खाली गेली की ओली वाळू आणि खडक उघडे पडतात आणि माणसे चालत किल्ल्यात जातात. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये याचे काम सुरू करवले आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे बनले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून केलेली स्वारीही इथे फसली. तटाचे मोठाले दगड चुना न वापरता एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरते, तिथेच त्याचा जोर मोडतो आणि ते निथळून बाहेर येते. आत गोड्या पाण्याची विहीर आहे आणि राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे.

मुले, आजी-आजोबा, पिशवीतला चिवडा आणि पाण्याच्या बाटल्या असा लवाजमा घेऊन किल्ल्यावर जायचे, तटावरून सूर्यास्त पाहायचा आणि परत यायचे, असा अनेकांचा बेत असतो. त्यातला सूर्यास्त सोपा आहे. परत येणे मात्र दरवेळी सोपे नसते आणि गोम अशी की याचा विसर नवख्यांपेक्षा नेहमी येणाऱ्यांनाच अधिक पडतो.

आधी सूर्याकडे पाहू. नाशिकमध्ये सूर्य मावळतो तो डोंगराआड. शहराच्या पश्चिमेला त्र्यंबक-अंजनेरीची रांग आहे. त्यामुळे खऱ्या क्षितिजाला टेकण्याआधीच, पिवळसर असतानाच तो दिसेनासा होतो. समुद्रावर मध्ये काहीच नसते आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटे पूर्ण पाहायला मिळतात. सूर्य डोक्यावर असताना त्याचे किरण वातावरणाचा जेवढा थर पार करतात, त्याच्या जवळपास चाळीस पट हवा त्यांना क्षितिजावरून येताना ओलांडावी लागते. हवेतले रेणू निळा-जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. एवढ्या लांबच्या वाटेत निळा रंग गळून जातो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो नारिंगी-तांबडा. धुळीने आणि खाऱ्या तुषारांनी त्यात आणखी भर पडते.

यापेक्षा मजेशीर गोष्ट वेगळीच आहे. सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, तेव्हा खरा सूर्य जवळजवळ पूर्ण क्षितिजाखाली गेलेला असतो. वातावरणाच्या खालच्या दाट थरात किरण वाकतात आणि क्षितिजावरची प्रतिमा सुमारे अर्ध्या अंशाने वर उचलली जाते. सूर्याची रुंदीही जवळपास अर्धा अंशच आहे. म्हणजे शेवटची दोन मिनिटे सगळा किनारा मोबाइल उंचावून ज्याचा फोटो काढत असतो, तो सूर्य तिथे नसतोच. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जात असल्यामुळे तो चपटाही दिसतो, थोडासा दाबलेल्या लाडवासारखा.

मुलांसाठी आणखी एक प्रयोग आहे, पण तो किनाऱ्यावरच करावा. वाळूत पोटावर झोपून सूर्य पूर्ण बुडेपर्यंत थांबायचे आणि बुडताक्षणी ताडकन उभे राहायचे. डोळे दीड मीटर वर गेले की क्षितिज थोडे पुढे सरकते आणि सूर्याची वरची किनार पुन्हा दिसते. दहाएक सेकंदांनी ती पुन्हा मावळते. एकाच संध्याकाळी दोन सूर्यास्त. सूर्य दुर्बिणीतून मात्र कधीच पाहायचा नाही, मावळतीचाही नाही. तो सौम्य आणि लालसर दिसला तरी भिंगे त्याचा प्रकाश एकवटतात, आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नसल्यामुळे इजा होत असताना जाणवतही नाही.

नेहमी येणाऱ्यांच्या लक्षात एक बदल येतो. दिवाळीत सूर्य समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यावर डावीकडे मावळतो आणि मेच्या सुट्टीत बराच उजवीकडे. वर्षभरात तो अलिबागच्या क्षितिजावर जवळपास पन्नास अंश इकडून तिकडे सरकतो. वेळही सरकते, पण फार नाही. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सांध्यावर सहाच्या आसपास, तर जूनअखेरीस सव्वासातनंतर. वर्षभराचा फरक जेमतेम सव्वा तासाचा. म्हणून सूर्यास्ताच्या बाबतीत 'गेल्या वर्षी याच सुमारास' हा हिशेब चालून जातो. तोच हिशेब माणूस नकळत समुद्रालाही लावतो आणि तिथे तो चुकतो.

समुद्र सूर्याच्या घड्याळावर चालत नाही, मुख्यतः चंद्राच्या घड्याळावर चालतो. चंद्र पृथ्वीभोवती फिरत पुढे सरकत असल्यामुळे तो आकाशात त्याच जागी यायला २४ तास ५० मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तास. आज चार वाजता असलेली ओहोटी उद्या पाचच्या जवळ, परवा पावणेसहाला. आठवड्याभरात चित्र पूर्ण उलटते आणि ज्या वेळी वाळू होती त्या वेळी पाणी असते.

सूर्याचाही यात हात आहे. त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या आणि पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात तेव्हा ओढ एकत्र होते. कोळी ज्याला उधाण म्हणतात ते हेच. उधाणात भरती फार वर आणि ओहोटी फार खाली जाते. मुंबई-अलिबाग भागात उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाऊ शकते. अष्टमीच्या आसपास सूर्य-चंद्र काटकोनात असतात, तेव्हा भांग असतो. पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. भांगाच्या दिवशी कुलाब्याची वाट नीट उघडी पडेलच असे नाही. घोडागाड्यांवर गर्दी होते ती अशा दिवशी.

कोकणात या सगळ्याचे एक जुने, घरगुती गणित आहे. त्याला ना इंटरनेट लागते ना तक्ता. तिथीची पाऊणपट करायची, येणारा आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. हिशेब शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत सारखाच लागू पडतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून प्रत्यक्ष पाण्यात पाय घालण्याआधी त्या दिवसाचा छापील किंवा मोबाइलवरचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहायचाच आणि किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारायचेच. पण नाशिकमध्ये बसून बेत आखायला स्वयंपाकघरात टांगलेली दिनदर्शिका पुरते.

आता हे गणित सुट्ट्यांना लावून पाहा. दिवाळी तिथीवर येते. भाऊबीज म्हणजे द्वितीया, म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळी पावणेआठला. जे कुटुंब दरवर्षी भाऊबिजेला किंवा तिच्या दुसऱ्या दिवशी अलिबागला जाते, त्याला सूर्यास्ताच्या वेळी समुद्र दरवर्षी ओसरतानाच दिसतो. पाणी मागे हटते आहे, वाळू उघडी पडते आहे, अंधार पडला तरी घाई नाही. दहा वर्षे हेच पाहिले तर कोणाचीही खात्री पटेल की संध्याकाळी इथे ओहोटीच असते.

तेच कुटुंब एखाद्या वर्षी नाताळच्या सुट्टीत गेले तर? २५ डिसेंबर ही तारीख सूर्याची आहे, तिथी चंद्राची. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, म्हणून त्याच तारखेची तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी सरकते. २०२३ च्या नाताळला शुक्ल चतुर्दशी होती. पाऊणपटीने भरती रात्री साडेदहाला आणि ओहोटी दुपारी पावणेपाचच्या सुमारास. सूर्यास्त सहानंतर लगेच. म्हणजे तटावरून सूर्यास्त पाहून लगबगीने निघणारा कसाबसा निभावून गेला असता, तेही पाणी चढू लागलेले असताना. २०२४ च्या नाताळला कृष्ण दशमी होती. ओहोटी दुपारी दीडच्या आसपास आणि भरती संध्याकाळी साडेसातला. सूर्य मावळताना समुद्र जवळजवळ भरलेला. २०२५ च्या नाताळला शुक्ल पंचमी, म्हणजे दुपारी पावणेचारलाच भरती. तीच तारीख, तोच किल्ला, तीन वर्षे तीन वेगळे समुद्र. 'अरे, गेल्या वर्षी तर आपण आरामात चालत आलो होतो' हे काकांचे वाक्य तिन्ही वर्षी खरे असू शकते आणि तिन्ही वर्षी निरुपयोगी.

यातले सर्वांत फसवे दिवस दशमी ते त्रयोदशी. कारण तेव्हा वाट दुपारी छान उघडी असते. अडीच-तीनला माणसे चालत जातात, कोरड्या वाळूवरून, मुले पुढे पळत. किल्ला पाहून होतो, दर्शन होते, चार वाजतात. खरे तर तेव्हा निघायला हवे. पण सूर्यास्ताला दोनच तास उरलेले असतात आणि एवढ्या लांब आलो आहोत तर पाहूनच जाऊ असे ठरते. सगळ्यांची तोंडे पश्चिमेला असतात. पाणी भरते ते पाठीमागे, पूर्वेला, किल्ला आणि किनारा यांच्या मधल्या उथळ पट्ट्यात.

ते भरण्याचा वेगही एकसारखा नसतो. खलाशांचा एक ढोबळ नियम आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पहिला तास पाहून वाटते, कुठे चढते आहे? तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र एकूण चढाच्या निम्मे पाणी येते. एकूण चढ चार मीटरचा असेल तर त्या दोन तासांत दोन मीटर. घोट्याएवढ्या पाण्यातून निघालेला माणूस वाटेतल्या एखाद्या सखल घळीत कमरेइतक्या पाण्यात सापडतो तो असा.

गोदाकाठच्या माणसाला पाण्याची भीती माहीत नाही असे नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की सगळे शहर दुतोंड्या मारुतीकडे पाहते. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, यावरून पुराचा अंदाज बांधला जातो. पण नदी सांगून येते. आधी पाऊस येतो, मग धरणाच्या बातम्या, मग काठावर भोंगे. समुद्राची भरती निरभ्र आकाशाखाली, जानेवारीच्या गुलाबी थंडीत, आवाज न करता दिवसातून दोनदा येते. तिला खवळण्याची गरज नसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच रायगड जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता.

किल्ल्यावर अडकलेच तर? उत्तर कंटाळवाणे आहे: तिथेच थांबायचे. तटाच्या आत माणूस सुरक्षित आहे. किल्ला तीनशे वर्षांहून अधिक काळ असंख्य भरत्या पाहत उभा आहे. होडीची सोय आहे का ते पाहायचे, ११२ वर फोन करायचा, नाहीतर पुढच्या ओहोटीपर्यंत बसायचे. रात्र डासांची आणि उपाशी जाईल, एवढेच. घातक ठरतो तो 'अजून गुडघाभरच आहे' म्हणून मुलाला खांद्यावर घेऊन उतरण्याचा निर्णय. वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. शिवाय कमरेच्या वर पाणी आले की शरीर तरंगू लागते, पायांची पकड सुटते आणि शेवाळलेल्या खडकावर तर आधीच सुटलेली असते.

बुडणाऱ्या माणसाबद्दलचे आपले चित्र सिनेमातले आहे. तो हात हलवून ओरडेल असे वाटते. प्रत्यक्षात ज्याला श्वास घेता येत नाही त्याला ओरडताही येत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, डोके मागे कललेले, हात पाणी खाली दाबण्यात गुंतलेले, असे मूल अगदी दहा हातांवर असले तरी खेळते आहे असेच भासते. मिनिटभरात ते खाली जाऊ शकते. म्हणून मुले पाण्यात असतील तेव्हा मोठ्यांपैकी एकाने फक्त पाहण्याचे काम करायचे, मोबाइल दुसऱ्याच्या हातात देऊन. आणि नेमका सूर्यास्ताचा क्षण असा असतो की सगळ्या मोठ्यांचे लक्ष एकदम मुलांवरून उडते.

पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची पद्धत आपल्याकडे अजून दिसते. ती चुकीची आहे. त्यात मोलाचा वेळ जातो, आणि पोटातले पाणी व अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. बुडण्यात मूळ अडचण प्राणवायूची असते. श्वास बंद असेल तर पाठीवर निजवून, हनुवटी वर उचलून, नाक दाबून तोंडाने श्वास द्यायचा आणि प्रतिसाद नसेल तर छातीच्या मधोमध जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत मधूनमधून श्वास देत राहायचे, मदत येईपर्यंत. शुद्धीवर असलेला पण खोकणारा, दम लागलेला माणूस 'आता बरा आहे' म्हणून मुक्कामी न नेता दवाखान्यात न्यायचा. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

एवढे वाचून अलिबागचा बेत रद्द करण्याचे कारण नाही. उलट सुट्टीच्या बाजूने पुरावा बऱ्यापैकी आहे. हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या बारा हजारांवर अमेरिकन पुरुषांचा नऊ वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. दरवर्षी सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. अर्थात मुळात धडधाकट आणि सुस्थितीत असलेलेच अधिक सुट्ट्या घेतात, हेही त्यामागे असू शकते. सुट्टीवरून परतल्यावर तिचा ताजेपणा किती टिकतो याचे निष्कर्ष मात्र निराश करणारे आहेत. बहुतेकांचा तो काही आठवड्यांतच ओसरतो, काहींचा पहिल्याच आठवड्यात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका पाहणीत तर सुट्टीला जाणारे लोक इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळले ते सुट्टीनंतर नव्हे, सुट्टीच्या आधी. परतल्यावर, ज्यांची सुट्टी अगदीच निवांत गेली होती ते सोडले, तर फारसा फरक उरला नव्हता.

दरवर्षी त्याच ठिकाणी जाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यांची वाट पाहणे नेमके असते. तो तट, ती विहीर, तो वास त्यांना आधीच माहीत असतो. त्या वाट पाहण्यात दिनदर्शिकेवर बोट ठेवून तिथी मोजण्याचे पाच मिनिटांचे काम सहज बसते. तटावरून सूर्यास्त हवा असेल आणि चालतच परतायचे असेल, तर प्रतिपदा ते तृतीया हे दिवस धरावेत, तेही पावसाळा सोडून आणि स्थानिकांना विचारून. प्रतिपदेला पाणी सातच्या सुमारास सर्वांत खाली असते. तृतीयेला वाट उशिरा उघडते आणि परतताना अंधार होतो, म्हणून बॅटरी बरोबर असावी. दशमीला जायचे झाले तर किल्ला दुपारी पाहून साडेतीनच्या आत वाळूवर परत यायचे. सूर्यास्त किनाऱ्यावर बसून पाहायचा. तिथून किल्ल्याची काळी आकृती समोर दिसते, आणि झोपून-उठून सूर्य दोनदा बुडवता येतो तोही तिथूनच.